दोन टिंबं आणि एक तिरकी रेघ

ऑफिसात त्याला सगळे मास्तर म्हणत. सातजणांचं ऑफिस, त्यात मालक दोन. एक तो आणि दुसरा त्याचा कॉलेजपासूनचा मित्र. हा मित्र गिऱ्हाइकांशी गोड बोलायचा, म्हणून त्याचं नाव शेठ. मास्तरला त्याचं नाव मिळालं ते शिकवण्यामुळे. नवा माणूस कामाला लागला की पहिल्याच आठवड्यात मास्तर त्याला फळ्यासमोर बसवायचा आणि वेबसाइटी कशा फोडल्या जातात ते सांगायचा.

त्यातला एक धडा त्याचा विशेष आवडीचा. फळ्यावर तो फोल्डरांची उतरंड काढायचा आणि म्हणायचा, "वेबसाइटला आपण फाइलचं नाव सांगतो, ती आपल्याला फाइल काढून देते. पण नावाच्या आधी कुणी दोन टिंबं आणि एक तिरकी रेघ टाकली तर? मशीनच्या दृष्टीनं त्याचा अर्थ, एक पायरी वर चढ. एकदा वर चढलं की शेजारच्या फोल्डरात उतरायला कुणाच्या बापाची परवानगी लागत नाही. याला पाथ ट्रॅव्हर्सल म्हणतात. तेव्हा बाहेरून आलेल्या नावावर विश्वास ठेवायचा नाही. कधी म्हणजे कधीच नाही." मग मार्करचं टोपण लावत शेवटचं वाक्य, "इतकं साधं ज्याला कळत नाही त्यानं दुसरा धंदा बघावा."

हे वाक्य त्यानं निदान वीसजणांना ऐकवलं असेल.

एका मंगळवारी सकाळी दहा वाजून दहा मिनिटांनी त्याला एक ईमेल आला. पाठवला होता एका समुपदेशन केंद्राच्या रिसेप्शननं. मन थकलेली, घरात बोलायला कुणी नसलेली माणसं त्या केंद्रात जात. साठीच्या एक डॉक्टरबाई ते चालवत. त्यांची वेबसाइट म्हणजे मास्तर आणि शेठचं अगदी पहिलं काम, नऊ वर्षांपूर्वीचं. आता तिथे येणाऱ्या एका बाईनं केंद्राला पत्र लिहिलं होतं आणि रिसेप्शननं ते जसंच्या तसं पुढे ढकललं होतं.

"मी एका ग्रंथालयात पुस्तकांची सूची करण्याचं काम करते," असं ते पत्र सुरू होत होतं. "तुमच्या साइटवरचं झोपेविषयीचं पत्रक उघडलं तेव्हा वरच्या पत्त्यात त्या फाइलचं नाव दिसलं. लॉगिन करून मी माझ्या भेटींची नोंद उघडते तेव्हाही असंच दिसतं, आधी नोंदींच्या फोल्डरचं नाव आणि पुढे माझा मोबाइल नंबर. मला शंका आली. म्हणून लॉगिन न करता पत्रकाच्या पत्त्यात झोपेच्या फाइलऐवजी दोन टिंबं, तिरकी रेघ, नोंदींचा फोल्डर आणि माझा नंबर लिहिला. माझी नोंद उघडली. पासवर्ड कुणीच विचारला नाही. मी फक्त माझाच नंबर घालून पाहिला. दुसऱ्याचा घालायला मन धजलं नाही, आणि ते बरंच झालं. कृपया लवकर लक्ष घाला."

मास्तरची कानशिलं तापली. त्यानं जुना कोड उघडला. ओळ सापडायला दोन मिनिटंही लागली नाहीत. आलेलं नाव पत्रकांच्या फोल्डरला जोडायचं आणि फाइल द्यायची, बस. शेजारी लिहिणाऱ्याची आद्याक्षरं होती, त्याचीच. ते लिहिलं तेव्हा केंद्राकडे पत्रकांशिवाय काही नव्हतंच. श्वासाचे व्यायाम, झोपेचे नियम, कुणीही बघावं असं. तीन वर्षांपूर्वी डॉक्टरबाईंनी भेटींच्या नोंदी साइटवर ठेवायला सांगितल्या, तेव्हा त्या नोंदींना लॉगिन बिगिन सगळं नीट लावलं, आणि तो नोंदींचा फोल्डर पत्रकांच्या शेजारी ठेवला तोही मास्तरनंच. फळ्यावर काढायचा ती उतरंड, तंतोतंत.

पुढे काय करायचं हे त्याला झोपेतून उठवून विचारलं असतं तरी सांगता आलं असतं. आधी पत्रकांचं पान बंद करायचं. मग वेगळ्या मशीनवर साइटची प्रत उभी करून, खोटी फाइल बनवून, त्या खोट्या फाइलवर चाचणी घ्यायची. पान बंद करायला एक ओळ पुरली असती.

त्यानं मनाशी म्हटलं, आधी खरं आहे का ते तर बघू.

त्यानं पत्त्यात दोन टिंबं, तिरकी रेघ आणि पुढे स्वतःचा नंबर लिहिला. फाइल सापडली नाही. सापडणार कशी, तो काही केंद्राचा रुग्ण नव्हता. खरं करून बघायचं तर दुसऱ्याचा नंबर हवा. हल्ली नंबर पाठ कुणाला असतात? त्याला स्वतःचा सोडून तीन पाठ होते, बायकोचा, आईचा आणि ताईचा.

त्यानं बायकोचा घातला. शेवटचा आकडा दाबताना आपण चाचणी घेत नाही आहोत हे त्याला कळत होतं. फाइल सापडली नाही. हायसं वाटलं, आणि लगेच बायकोची पर्स उचकून परत जागेवर ठेवल्यासारखं वाटलं. तिथे थांबला असता तरी चाललं असतं. पण हात सुरू झाला होता. आई एक्याऐंशी वर्षांची, अंथरुणाला खिळलेली. तिचा नंबर घालण्याला काही अर्थ नव्हता, तरी घातला. नाही. मग ताईचा.

या वेळी पान लगेच आलं नाही. मग पांढरा कागद उघडला.

ताई त्याच्याहून आठ वर्षांनी मोठी. शाळेत चित्रकला शिकवायची. अकरा वर्षांपूर्वी आई न्हाणीघरात घसरून पडली, पुन्हा धड उभी राहिली नाही, तेव्हा ताईनं नोकरी सोडली. लग्न तिनं केलं नव्हतं, त्यामुळे आईजवळ कोण राहणार हा प्रश्न कुणी विचारलाच नाही. तोही दर रविवारी जायचा. तो चांगला मुलगा आहे असं सगळ्यांचं मत होतं, त्याचं स्वतःचंही.

फाइलमध्ये चार भेटी होत्या. डॉक्टरबाईंचं लिहिणं कोरडं, नेमकं.

"दुसरी भेट. झोप तीन ते चार तास. म्हणतात, 'सकाळी आईच्या खोलीचं दार उघडताना वाटून जातं, आज ही उठली नसली तर बरं. मग मी स्वतःच्या थोबाडीत मारून घेते. खरंच मारते.' डाव्या गालावर वळ आहे."

"तिसरी भेट. भावाविषयी. 'तो येतो, आईचा फोन नीट करून देतो, रिमोट नीट करून देतो, आणि आई आठवडाभर त्याचं कौतुक करते. मी तिचं अंग पुसते ते कुणाला दिसत नाही. तो वाईट नाही हो. त्याला विचारायचं सुचत नाही. तो आला की चीड येते आणि गेला की रडू येतं.' भावाशी बोलून बघाल का, असं विचारलं. उत्तर, 'त्याला यातलं काही कळलेलं मला चालणार नाही. मेले तरी नाही.'"

या ओळीपाशी तरी त्यानं थांबायचं होतं. तो चौथी भेटही वाचून गेला. मग वर जाऊन पहिलीही वाचली. बाहेर कुणीतरी प्रिंटरमध्ये कागद भरत होतं. त्यानं फाइल बंद केली आणि मगच पत्रकांचं पान बंद केलं. तेव्हा दहा वाजून सत्तेचाळीस मिनिटं झाली होती.

शेठला सांगितल्यावर तो खुर्ची ओढून शेजारी बसला. "एवढंच ना? ती दोन टिंबं दिसली की काढून टाक. विषय संपला."

"नाही संपत," मास्तर म्हणाला. आवाज शिकवण्याचाच होता, तो आपोआप लागला. "मधली काढली की उरलेली जुळून पुन्हा दोन टिंबं होतील, असं लिहिता येतं. टिंबाऐवजी टिंबाचा सांकेतिक आकडा लिहिता येतो. आपण दहा प्रकार गाळायचे, अकरावा कुणीतरी शोधतोच."

"मग?"

"बाहेरून नावच घ्यायचं नाही."

तीन दिवस तो जागेवरून हलला नाही. आता पत्रक मागणाऱ्यानं फक्त क्रमांक सांगायचा. कोणत्या क्रमांकाला कोणती फाइल, ती यादी आत, साइटच्या ताब्यात. यादीत नसलेला क्रमांक आला की सरळ नकार. त्यावरही भरवसा न ठेवता, फाइल देण्याआधी तिचा पूर्ण खरा पत्ता उलगडून बघायचा आणि तो पत्रकांच्या फोल्डरातच संपतो ना, हे तपासायचं. नोंदी त्यानं तिथून उचलून वेगळ्या मशीनवर नेल्या. पत्रकं देणाऱ्या प्रोग्रामला तिथे जायची परवानगीच ठेवली नाही. उद्या कुणाला दुसरी चूक सापडली तरी त्याला तिथलं काही दिसू नये म्हणून. फाइलींना मोबाइल नंबरांची नावं होती, तिथे कुणाला अंदाज बांधता येणार नाही अशी लांबलचक नावं आली. नोंद मागणारा आणि नोंदीचा मालक एकच आहे का, हे दर वेळी विचारणं आलं. आणि शेवटी, त्याला ठाऊक असलेल्या सगळ्या वाकड्या वाटांनी आत शिरून बघणाऱ्या चाचण्या, साइटमध्ये बदल झाला की आपोआप चालणाऱ्या.

काम झकास झालं. "मास्तर तो मास्तरच," शेठ सगळ्यांसमोर म्हणाला. मास्तरनं मान खाली घालून चहा संपवला.

रविवारी तो आईकडे गेला. आईच्या खोलीत फिनेलचा वास, पलंगाला कठडा, उशाशी औषधांचा डबा. ताईनं दार उघडलं तेव्हा पहिल्यांदा त्यानं तिच्या डाव्या गालाकडे पाहिलं आणि घाईनं नजर दुसरीकडे वळवली.

"छोट्या, हा फोन बघ रे," आईनं हाक मारली. "आवाजच येत नाही."

आवाज बंद करायचं बटण दाबलं गेलं होतं. त्यानं ते सोडवलं. आई ताईला म्हणाली, "बघ, एका मिनिटात. तुला तासभर जमलं नाही." ताई चहाचे कप उचलून आत गेली. तो तिच्यामागून स्वयंपाकघरात गेला.

"ताई, मला वाटतं आपण मदतीला एक बाई ठेवूया. दिवसभराची. तिचं सगळं मी बघेन."

ताई कप विसळत होती, ती थांबली. "असं एकदम?"

"सहज सुचलं."

तिनं नळ बंद केला. ओल्या हातांनीच त्याच्या दंडाला धरलं आणि थोडा वेळ धरून ठेवलं. बुधवारपासून बाई येऊ लागली. पन्नाशीची, हाताला जोर असलेली, कामात चोख.

पुढच्या रविवारी तो न्हाणीघरात हात धूत असताना ताई शेजारणीशी फोनवर बोलत होती. "अहो, मी एका शब्दानं बोलले नव्हते. माझा भाऊ न सांगता ओळखतो." असं हसू तिच्या आवाजात त्यानं कित्येक वर्षांत ऐकलं नव्हतं. नळ चालूच राहिला. आरशात बघायची त्याची छाती झाली नाही.

त्याच आठवड्यात डॉक्टरबाईंनी लेखी अहवाल मागितला. काय चुकलं, काय दुरुस्त केलं, आणि कुणाच्या नोंदी कुणी पाहिल्या का. कोणी कधी काय उघडलं याची यादी मशीन आपोआप ठेवतं, पण तीनच महिन्यांची. मास्तरनं ती चाळली. बाहेरून दोन टिंबं घालून आलेली एकच ओळ होती, ग्रंथालयातल्या बाईंची, त्यांच्याच नंबराची. आणि चार ओळी मास्तर-शेठच्याच ऑफिसातून आलेल्या. चार नंबर; तीन न सापडलेले, एक सापडलेला.

त्या चार ओळी खोडायला काहीच लागलं नसतं. त्यानं तो विचार केला, नाही असं नाही. शेठ मागे येऊन उभा राहिला आणि पडद्यावर बघून म्हणाला, "ही तर आपलीच चाचणी. लिही की, आमच्या चाचणीखेरीज कुणीही कुणाची नोंद पाहिलेली नाही. एक अक्षर खोटं नाही यात."

खरोखरच एक अक्षर खोटं नव्हतं. मास्तरनं तेच लिहिलं.

दोघं अहवाल घेऊन केंद्रात गेले. डॉक्टरबाईंच्या खोलीत दोन खुर्च्या होत्या, समोरासमोर नाही, जराशा तिरप्या, बोलणाऱ्याला बघायचं नसलं तर बघावं लागू नये अशा. तिसरी बाहेरून आणवली. ताई यातल्या कोणत्या खुर्चीत बसत असेल, हे मास्तरच्या मनात येऊन गेलं आणि त्यानं बाहेरून आणलेली खुर्ची पकडली.

बाई ओळीखाली बोट ठेवत सावकाश वाचत होत्या. दुसऱ्या पानावर बोट थांबलं.

"आमचा ईमेल तुम्हाला दहा-दहाला मिळाला. पान तुम्ही बंद केलंत दहा-सत्तेचाळीसला. मधली सदतीस मिनिटं काय करत होतात?"

"चाचणी, मॅडम," शेठ म्हणाला.

"कशावर?"

"साइटवर."

"म्हणजे माझ्या रुग्णांच्या खऱ्या नोंदींवर?" बाईंनी आवाज चढवला नाही. त्या शेठकडे बघतही नव्हत्या. "किती उघडल्यात?"

"एक," मास्तर म्हणाला.

"कुणाची?"

शेठ हसून काहीतरी बोलायला गेला. मास्तर म्हणाला, "माझ्या बहिणीची."

शेठचं तोंड उघडंच राहिलं. त्याला ते चार नंबर म्हणजे नुसते आकडे होते.

"चुकून?" बाईंनी विचारलं.

"नाही. तिचा नंबर मला पाठ आहे. आधी बायकोचा घातला, मग आईचा. मग तिचा. पूर्ण वाचली." एवढं बोलायला त्याला दोनदा थांबावं लागलं. "या अहवालात जे लिहिलंय ते तसं खोटं नाही, पण फसवण्यासाठीच लिहिलंय."

बाईंनी चष्मा काढून कागदावर ठेवला. त्या रागावल्या असत्या तर त्याला सोपं गेलं असतं.

"तीन महिन्यांच्या आधीचं काय?"

"ते सांगता येत नाही. तेवढ्या जुन्या याद्या राहत नाहीत. नोंदी तीन वर्षं उघड्या होत्या. कुणी पाहिल्याही असतील."

"मग तेही लिहा. तीन वर्षं उघड्या होत्या आणि आम्हाला माहीत नाही, असंच लिहा. मी सगळ्यांना पत्र पाठवणार आहे, त्यांना ते कळलं पाहिजे. तुमच्या बहिणीला मात्र पत्राच्या आधी मी स्वतः फोन करेन. परवा सकाळी. नोंद त्यांची आहे. ती कुणी वाचली हे त्यांना माहीत असायला हवं. उद्याचा दिवस मी तुम्हाला ठेवते."

लिफ्टमध्ये शेठ आकड्यांकडे बघत म्हणाला, "ते वाक्य मी सुचवलं."

"लिहिलं मी."

दुसऱ्या दिवशी दुपारी तो ताईकडे गेला. आत बाई आईला भरवत होती. ताई गॅलरीत वाळलेले कपडे काढत होती.

"आज कसा काय तू? ऑफिस नाही?" मग त्याचा चेहरा बघून, "काय झालं? घरी बरे आहेत ना सगळे?"

"बरे आहेत. ताई, मला तुला काहीतरी सांगायचंय. तू बस."

"उभीच बरी आहे. सांग."

त्यानं सांगितलं. केंद्राची साइट आपण केलीय, तिच्यात चूक होती, चूकही आपलीच. मग नंबर. मग फाइल. तो भराभर बोलत गेला, थांबलो तर पुढचं तोंडातून निघणार नाही या भीतीनं. ताईच्या हातात चादरीची दोन टोकं होती. तिनं ती जुळवली, पुन्हा सोडली, पुन्हा जुळवली.

"किती वाचलंस?"

"सगळं."

"चारही भेटी?"

"हो."

"गालाचं?"

"हो."

"आणि तुझ्याविषयी बोलले ते?"

त्यानं मान हलवली.

"तोंडानं बोल."

"हो. वाचलं."

खाली रस्त्यावर कुणीतरी गाडी सुरू करायचा प्रयत्न करत होतं, ती घरघरून बंद पडत होती. ताई म्हणाली, "म्हणजे बाई ठेवलीस ती त्यामुळे."

"हो."

"आणि मी खुळी, माझा भाऊ न सांगता ओळखतो म्हणून गावभर सांगत सुटले." तिचा चेहरा लाल झाला, मानेपर्यंत. लाज वाटायला हवी होती त्याला, आणि लाजत होती ती. हे बघणं त्याला सगळ्यांत जड गेलं. "अकरा वर्षांत एकदा विचारलं असतंस ना, ताई, कशी आहेस, तर मी सांगितलं असतं की नाही, मला माहीत नाही. कदाचित मस्त आहे म्हणाले असते. पण सांगायचं की नाही हे माझ्या हातात होतं. माझ्याकडे तेवढं एकच होतं रे."

त्याचे डोळे भरून आले.

"रडू नकोस," ताई म्हणाली. "तू रडलास तर मला तुझी समजूत काढायला लागेल, आणि आज माझ्यात ते बळ नाही."

त्यानं ओठ आवळले. आतून आईची हाक आली, "छोट्या आलाय का गं? त्याचाच आवाज ना?"

"आलाय, आई. निघालाय," ताईनं उत्तर दिलं. मग त्याच्याकडे वळून, हळू आवाजात, "बाई राहील. ती मी घालवणार नाही, मला तिची गरज आहे. तू मात्र मी बोलावल्याशिवाय येऊ नकोस."

तो जिना उतरला तेव्हा चादरीची घडी अजून झालेली नव्हती.

घरी त्यानं बायकोलाही सांगितलं. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि एकच प्रश्न विचारला, "माझा नंबर सापडला असता तर वाचलं असतंस?" त्याला नाही म्हणता आलं नाही. त्यानंतर कितीतरी दिवस ती त्याच्याशी पाहुण्याशी बोलावं तसं बोलत होती, नीट, नेमकं, कामापुरतं.

डॉक्टरबाईंची पत्रं गेली. काही रुग्णांनी केंद्र सोडलं. एक गृहस्थ थेट मास्तरच्या ऑफिसात आला आणि उभ्या उभ्या अर्धा तास बोलला. तीन वर्षांपूर्वी बायको गेली तेव्हा आपण तिथे काय काय बोललो होतो हे आता कुणाकुणाला माहीत आहे, एवढंच त्याला हवं होतं. मास्तर उभा राहून ऐकत होता. शेठनं मध्ये पडायचा प्रयत्न केला तेव्हा मास्तरनं त्याला हातानं थांबवलं. "मला माहीत नाही," तो त्या गृहस्थाला म्हणाला. "कुणी वाचलं नसेलही. पण मी तसं खात्रीनं सांगू शकत नाही." गृहस्थ दार न लावता निघून गेला.

साइटचं काम केंद्रानं दुसऱ्यांना दिलं. त्यांनी ताबा घेण्याआधी मास्तरची दुरुस्ती दोन दिवस सगळ्या बाजूंनी ठोकून पाहिली आणि कुठेही फट सापडली नाही असं कळवलं. एरवी हा कागद त्यानं शेठला वाचून दाखवला असता. ग्रंथालयातल्या बाईंना त्यानं स्वतः पत्र लिहिलं, आभाराचं. पत्राच्या शेवटी, तुम्ही जिथे थांबलात तिथे मी थांबलो नाही, असं एक वाक्य लिहिलं, दोनदा खोडलं, शेवटी ठेवलं. त्यांचं दोन ओळींचं उत्तर आलं. पहिल्या ओळीत त्यांनी पोच दिली होती. दुसरीत लिहिलं होतं, "मोह मलाही झाला होता. माझी मैत्रीण तिथे जाते." त्यानं ते उत्तर बरेच दिवस उघडं ठेवलं होतं.

दहा आठवडे ताईचा फोन आला नाही. आईशी तो रोज बोलायचा, पण फोन बाईच लावून द्यायची. मग एका मंगळवारी ताईचा नंबर पडद्यावर दिसला.

"परवा बाई सुट्टीवर आहे," तिनं नमनालाच सांगितलं. "दुपारी येशील? दोन तास. मला बाहेर जायचंय."

कुठे, हा शब्द अगदी ओठांवर आला होता. "येतो," तो म्हणाला.

तो गेला तेव्हा ताई चपला घालूनच तयार होती. नव्या बाईला दाखवावं तसं तिनं त्याला सगळं दाखवलं. कोमट पाणी कशात, टॉवेल कुठला, कुशीवर वळवताना हात कुठे घालायचा, कठडा आधी कसा उतरवायचा. त्यानं दोन गोष्टी पुन्हा विचारल्या, तिनं पुन्हा सांगितल्या. मग ती गेली.

तासाभरानं आई चुळबुळ करू लागली. अंथरूण ओलं झालं होतं. तो पाणी घेऊन आला तसं आईनं पांघरूण हनुवटीपर्यंत ओढलं.

"तू नको रे. ताई येऊ दे."

"ताई बाहेर गेलीय, आई."

"मग थांबू. मला काही होत नाही."

"ओल्यात किती वेळ पडून राहशील?"

आईनं तोंड भिंतीकडे केलं. त्यानं दाखवल्याप्रमाणे हात घातला तरी पहिल्यांदा ती वळेना. दुसऱ्यांदा जोर जास्त लागला आणि ती कण्हली. "दुखलं का?" त्यानं विचारलं. अंग पुसताना त्याचे कान जळत होते, आणि तिचे डोळे घट्ट मिटलेले होते. ताई आणि बाई दोघी पाच मिनिटांत करत त्या कामाला मास्तरला पाऊण तास लागला. शर्ट घामानं पाठीला चिकटला. सगळं झाल्यावर आई भिंतीकडेच बघत म्हणाली, "पाणी जरा गार होतं."

"पुढच्या खेपेला बघतो."

ताई सांगितल्या वेळेला परत आली. तिच्या चेहऱ्यावरून काही कळत नव्हतं, आणि कळून घ्यायचा प्रयत्नही त्यानं केला नाही. पर्स अडकवून ती थेट पलंगापाशी गेली, आईच्या पाठीखाली हात घालून चादर चाचपली, आणि एका जागी थांबली.

"इकडे ये," ती म्हणाली. "हात घाल. लागतेय सुरकुती? एवढ्याशानंही तिच्या पाठीला जखम होते. ती टोकाकडून ताणून घ्यायची."

त्यानं एक टोक धरलं, तिनं दुसरं. आईला मध्ये ठेवून दोघांनी चादर ओढली.

"अजून," ताई म्हणाली. "तुझ्या बाजूनं अजून."